फ्लॉरेन्सचे तांबडे आकडे

पुण्याहून निघताना शेजारच्या काकूंनी चकल्यांचा डबा हाती ठेवला. "फ्लॉरेन्सला आमच्या धाकट्याच्या घरी एवढा पोचवाल ना, भावोजी?" चिठ्ठीवर रस्त्याचे नाव आणि पुढे '३५ आर'.

३५ क्रमांकाचे दार चटकन सापडले. घंटा वाजवली, तर एक आजीबाई डोकावल्या. चिठ्ठी पाहून हसल्या आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवू लागल्या. या गावाची रीतच न्यारी! एकाच रस्त्यावर आकड्यांच्या दोन माळा: राहत्या घरांना निळे किंवा काळे, दुकानांना तांबडे. दोन्हींची मोजणी वेगळी. म्हणून तांबडा ३५ निळ्या ३५च्या शेजारी असेलच असे नाही. पत्त्यातला 'आर' म्हणजे 'रोस्सो', तांबडा.

म्हणजे ते घर नव्हतेच! तांबड्या ३५खाली चामड्याच्या पिशव्यांचे दुकान होते. मुलगा तिथेच काम करी आणि रात्री माळ्यावर झोपे. डबा घेताना त्याचा आवाज कापरा झाला. "आईला सांगू नका, काका."

परतल्यावर काकूंनी विचारलेच, "घर कसं आहे हो त्याचं?"

"नंबर अगदी ठळक आहे," मी म्हणालो, "लांबूनसुद्धा दिसतो."