बोलायचं नाही, मग करायचं काय?

आजारी आणि घरीच अडकलेल्या लोकांना नियमित भेटणाऱ्या प्रापंचिकांचा गट आमच्या धर्मग्रामात उभा करायचं ठरलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. वसईत आजाऱ्याला भेटायला जाणं कुणी कुणाला शिकवत नाही. शहाळी घ्यायची, खाटेजवळ बसायचं, ‘सगळं ठीक होईल, देवावर भरवसा ठेवा’ म्हणायचं आणि चहा घेऊन उठायचं. त्यामुळे प्रशिक्षणात कम्युनियन कशी न्यायची एवढंच दाखवतील, असं मी धरून चालले होते.

तो भाग सोपा निघाला. १९७३ साली पोप सहावे पॉल यांच्या काळात रोमने बिशपांना मुभा दिली, तेव्हापासून नेमून दिलेले प्रापंचिकही आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देऊ शकतात. पवित्र भाकर ठेवायची ती छोटी गोल डबी, पिक्स, जवळ जपून न्यायची. घरी टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती. गिळायला त्रास असेल तर अगदी लहानसा तुकडा आणि वर चमचाभर पाणी. कम्युनियनआधीच्या तासाभराच्या उपवासातून आजाऱ्याला सूट असतेच, पण त्याची काळजी घेणाऱ्यांनाही असते. हे मला माहीत नव्हतं आणि फार आवडलं. रात्रभर जागलेल्या सुनेला सकाळचा चहा सोडावा लागत नाही.

गोंधळ पुढे सुरू झाला. प्रशिक्षण देणाऱ्या सिस्टरांनी आमच्याकडून आजाऱ्यांना धीर देणारी वाक्यं फळ्यावर लिहून घेतली. ‘देवाची इच्छा.’ ‘रडू नका.’ ‘माझ्या नणंदेलाही हेच झालं होतं, आता हिंडते-फिरते.’ फळा भरला आणि सिस्टर एकेक वाक्य पुसत गेल्या. शेवटी काहीच उरलं नाही. मी विचारलं, “सिस्टर, देवाचं नावही घ्यायचं नाही, तर आम्ही चर्चकडून जायचं तरी कशाला?”

उत्तरादाखल त्यांनी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघडायला सांगितलं. ईयोबाची मुलंबाळं गेली, अंगभर फोड आले, आणि अलीफज, बिल्दद, सोफर हे मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्यासोबत जमिनीवर बसले, कुणी एक शब्द काढला नाही. नंतर ते बोलायला लागले. तुझ्या पापाचंच हे फळ असणार, असं देवाच्या वतीने समजावत राहिले. आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाचीच बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या सात दिवसांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तरीही प्रश्न सुटला नाही. ते तिघे मित्र होते. मी रविवारी चर्चमध्ये दिसणारी बाई. मी गप्प बसले तर माणूस अवघडून जाणार नाही का?

सराव म्हणून आम्ही जोडीजोडीने बसलो. एकीने आजारी व्हायचं, दुसरीने ऐकायचं आणि घरी जाऊन सगळं संभाषण शब्दशः लिहून आणायचं. १९२५ साली अमेरिकेत अँटन बॉइसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वूस्टरच्या मनोरुग्णालयात शिकायला नेलं. अशा लेखनाची पद्धत त्याच परंपरेत पुढे रुळली. बॉइसन स्वतः रुग्ण म्हणून मनोरुग्णालयात राहून आले होते, हे ऐकल्यावर त्यांच्याबद्दल मला आदर वाटला. खाटेवरून भेटायला येणारी माणसं कशी दिसतात, हे त्यांना ठाऊक होतं.

सगळ्यात अवघड गुप्ततेचा नियम. कन्फेशनमधलं धर्मगुरू कधीच उघड करू शकत नाहीत. चर्चचा कायदाच त्यांना बांधतो. आमच्यामागे तसं काही नाही, फक्त दिलेला शब्द. जिवाला धोका दिसला तरच सिस्टरांना सांगायचं. इथे घराघरांत नातं. भेटून बाहेर पडलं की जाऊबाई कुंपणापाशी उभ्याच: “काय म्हणते म्हातारी?” त्यांना “बरी आहे” एवढंच सांगून पुढे जायचं.

मला दिलेल्या आजी एकट्या राहतात, मुलं परदेशात. पहिल्या भेटींत त्या केळींच्या वाडीबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलल्या. मी ऐकत होते आणि आतून घाबरत होते की हे पुरेसं आहे की नाही. मग एकदा भावाशी तुटलेल्या संबंधांचा विषय निघाला आणि त्या थांबल्या. जुनी सवय म्हणत होती, आता काहीतरी बोल. मी बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, “हे फादरांपाशी बोलायला हवं गं. पण मी कसं बोलावू? तू सांगशील?”

पापक्षमा आणि तैलाभ्यंग हे धर्मगुरूंचंच काम, आम्ही त्यात पडायचं नाही, हे शिकवलेलं होतंच. मी म्हटलं, “आजी, फादरांना यायला सांगते. का ते सांगणार नाही. ते तुम्ही सांगा.”

“आणि सिस्टरांना?”

“त्यांनाही नाही.”

“मग शुक्रवारी सांग,” त्या म्हणाल्या, “गुरुवारी माझी डॉक्टरची वेळ आहे.”