परताव्याचं आमिष

जुलै आला की विवरणपत्रं भरणाऱ्यांची धांदल उडते आणि भामट्यांचाही हंगाम सुरू होतो. आजच्या मेलवर थेट राजमुद्रा होती. ‘आपला प्राप्तिकर परतावा मंजूर झाला आहे, चोवीस तासांत खात्याची खातरजमा करा.’ सरकारला आपले पैसे द्यायची एवढी घाई? शंका यायला तेवढंच पुरे.

पूर्वी अशा मेलमधली मराठी-इंग्रजी इतकी मोडकी असे की हसू यायचं. आता भाषा सफाईदार असते, त्यामुळे शुद्धलेखन तपासून काही कळत नाही. मी पत्ता बघतो, तोही शेवटाकडून. प्राप्तिकर विभागाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’वर संपतो. त्यापुढे आणखी ‘डॉट’ आणि काहीबाही लटकलेलं असेल, तर आधी कितीही ‘इन्कमटॅक्स’ लिहिलेलं असो, ते सरकारी नव्हे. परतावा तर आपण आधीच पडताळून दिलेल्या बँक खात्यात जमा होतो. त्यासाठी पासवर्ड किंवा पिन कुणी मागत नाही.

‘शिकलेली माणसं कशी फसतात?’ हा प्रश्न मला उर्मट वाटतो. हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांचं मेलखातं २०१६ मध्ये गूगलच्या नावानं आलेल्या एका बनावट इशाऱ्यामुळेच फुटलं. घाबरलेला माणूस वाचत नाही, नुसता क्लिक करतो.

म्हणून मेलमधल्या दुव्याला हात लावू नका, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा.