शेतातली खोप



राखणीला किंवा रात्रीच्या पाळीचं पाणी द्यायला तुमच्या घरातलं कोणी ना कोणी शेतावर मुक्कामाला जातंच. ते ज्या खोपीत झोपतं ती कशी घातली आहे, हे कधी नीट पाहिलंत का? बी-बियाण्यांबद्दल, खतांबद्दल मी तुमच्याशी पुष्कळ बोलतो. आज खोपीबद्दल बोलतो.

पदवी मी शेतकीची घेतली; पण खोप घालायला मला अकोले तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शिकवलं. तिकडच्या डोंगरात पाऊस नुसता कोसळतो. बाबा म्हणाले, "साहेब, पाऊस दिसतो वरनं, पण माणसाला भिजवतो खालनं." म्हणून आधी जागा उंचवट्याची बघा. ओढ्याचा काठ, वारुळाचा शेजार टाळा. भोवती वीतभर खोल चर काढून उताराकडे सोडा.

दोन मेढी रोवा, त्यांवर आडं टाका आणि दोन्ही अंगांनी वासे टेकवा. मेढीचं बूड जाळून काळं करून पुरलं तर वाळवी लवकर धरत नाही. पावसाचं वारं पश्चिमेचं, म्हणून खोपीचं तोंड पूर्वेला. गवताच्या पेंढ्या खालून वर बांधत जा. वरची पेंढी खालचीवर निम्मी यावी. उतार उभा ठेवा. पसरट छपरावर पाणी रेंगाळतं आणि गवत कुजतं. कूड डोंगराकडे कारवीचा करतात, देशावर तुराट्या चालतात. शेणमातीनं लिंपला की वारा अडतो.

आता महत्त्वाचं. खोपीत जमिनीवर झोपू नका. दुबेळकी रोवून बांबूची माच करा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता तडक सरकारी दवाखाना गाठा. खोपीत धान्य साठवू नका. उंदरामागं साप येतो. चूलही बाहेरच, वाऱ्याची दिशा पाहून.

आणि विजा कडाडू लागल्या तर खोपीचा भरवसा धरू नका, झाडाखालीही जाऊ नका. ढग गडगडताच पक्कं घर गाठा.

या साऱ्याला पैसा फारसा लागत नाही, दोन दिवसांची मेहनत लागते. पिकाची राखण करणाऱ्या माणसाचीही राखण व्हायला हवी. या सुगीआधी तेवढं कराच.