हिज, हर आणि उपरे इट्स

इंग्रजीत मान मालकाचा. ‘हिज’ की ‘हर’ हे वस्तू कुणाची यावरून ठरतं; वस्तू कुठली, एक की दहा, याच्याशी त्या शब्दाला सोयरसुतक नाही. मराठी दोघांची दखल घेते. ‘तिचा भाऊ’मधली ‘ति’ बहिणीची, ‘चा’ भावाचा. फ्रेंच माणूस हिज-हरपाशी हमखास अडखळतो, कारण त्याच्या भाषेत हे सर्वनाम मालकाचं लिंग सांगतच नाही.

•

‘हात धू’, ‘डोळे मीट’. कुणाचे, असं कोणी विचारत नाही. इंग्रजीला मात्र दर वेळी ‘युअर’ लागतं. ते जसंच्या तसं उचललं की ‘त्याने त्याचे हात त्याच्या खिशात घातले’ असली वाक्यं छापून येतात. मला तर पाकीटमारच डोळ्यांसमोर येतो.

•

रवी राहुलला ‘हिज हाउस’ला घेऊन गेला. कुणाच्या घरी? मराठीत ‘आपल्या घरी’ म्हटलं की रवीच्या, ‘त्याच्या घरी’ म्हटलं की बहुधा राहुलच्या. इंग्रजीत ‘ओन’ची कुबडी घ्यायची, नाहीतर नाव घ्यायचं. ‘आवर’चंही तेच. आमचं की आपलं, हे प्रसंगावरून ओळखायचं.

•

या घराण्यात सगळ्यांत उशिरा आलेलं ‘इट्स’. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी नामालाही ‘हिज’च चाले. ‘इट्स’ लेखनात दिसू लागलं सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि बरीच वर्षं ते उपरंच राहिलं. 1611च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत ते एकदाही नाही. लेवीय 25:5मध्ये नुसतं ‘इट’ होतं. तिथे ‘इट्स’ आलं ते पुढच्या आवृत्त्यांत.

त्यातून अपॉस्ट्रॉफीचा घोळ. आज ‘इट्स’वर ते चिन्ह दिलं की ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. मालकी दाखवायची तर चिन्ह नको. पण पूर्वी मालकीलाही चिन्ह देत. अमेरिकेच्या 1787च्या राज्यघटनेत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, मालकीचं ‘इट्स’ चिन्हासकट लिहिलेलं आहे. परीक्षेत यावर गुण घालवलेल्यांनी हा दाखला जपून ठेवावा. गुण परत मिळणार नाहीत, ही गोष्ट वेगळी.

•

‘माय’ला पुढे नाम लागतं, ‘माइन’ एकटं उभं राहतं. एके काळी स्वराआधी ‘माइन’च येई: ‘माइन आइज’. ‘अ’ आणि ‘ॲन’चा हिशेब अजून तसाच चालतो. ‘हिज’ दोन्ही जागी तेच.

•

‘डिअर सर’ने सुरू झालेलं पत्र ‘युअर्स फेथफुली’ने संपवायचं, नावाने सुरू केलेलं ‘युअर्स सिन्सिअरली’ने, हा ब्रिटिश रिवाज. आपल्या सरकारी पत्राखालचा ‘आपला विश्वासू’ त्याच पठडीतला. मजकूर नकाराचा असला, तरी सही करणारा स्वतःला वाचणाऱ्याच्या मालकीचा म्हणवून घेतो.