छपरी किती खोल हवी?

मोठ्या आर्किटेक्ट फर्ममध्ये गेलं की आधी मॉडेल दाखवतात. तिथे फार वेळ घालवू नये. खरं ऑफिस कळतं ते कोऑर्डिनेशनच्या मीटिंगमध्ये. मुंबईच्या फोर्ट भागातल्या अशा एका फर्मने मला त्या मीटिंगला बसू दिलं. आर.सी.सी., प्लंबिंग, अग्निशमन, लिफ्ट, एसी अशा सगळ्यांची ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून एका उंच इमारतीचा एकच मजला तपासणं चाललं होतं. ड्रेनेजचा एक पाइप बीममधून आरपार जात होता. पडद्यावर ते तिथल्या तिथे सापडलं. स्लॅब भरल्यावर सापडलं असतं, तर काँक्रीट कापावं लागलं असतं आणि त्याबरोबर सळईही गेली असती. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट-देवळीकडे घरं, शाळेच्या खोल्या आणि जिनिंगची गोदामं आखणाऱ्या माझ्यासारख्याच्या हे सगळं डोक्यातच असतं. कोणतं ड्रॉइंग जुनं, कोणतं नवं, तपासलं कोणी, साइटवर गेलं कधी, याची तिथली काटेकोर नोंद पाहून मला मनापासून आदर वाटला.

पण त्या मजल्याच्या खिडक्यांना छज्जा नव्हता. पश्चिमेला कोणती काच लावायची आणि ती किती उष्णता अडवेल, यावर बराच काथ्याकूट झाला. काचेवर ऊन पडूच नये, असं कोणी म्हटलं नाही.

कारण हिशेबात आहे. लिफ्ट, जिने, शाफ्ट, 24 मीटरच्या वर गेलं की रेफ्युज एरिया (आग लागली तर थांबायची जागा), हे सगळं आधी बसवावं लागतं. त्यात 2012 पासून मुंबईत बाल्कनी आणि फ्लॉवर बेडही एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगीच्या बांधकाम क्षेत्रफळात, धरतात. त्या जागा बंद करून खोल्यांत घेतल्या जात होत्या, म्हणून नियम आला. त्याचा राग धरता येत नाही. पण सावलीला किंमत लागली, की कात्री पहिली तिच्यावरच चालते.

याच मुंबईत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी कांचनजंगा बांधली. 1983 साली पुरी झालेली ही इमारत 28 मजल्यांची, 84 मीटर उंच, आणि तीत घरं फक्त 32. समुद्र आणि वारा पश्चिमेचा. दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा त्याच बाजूचा. जुने बंगले राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा ठेवून यातून वाट काढत. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंच केला आणि इमारतीच्या कोपऱ्यांत आत घेतला. ती श्रीमंतांची घरं, हे खरं. तरी तिथे आधी ऊन-वारा आहे, मग भिंत.

आमच्या सेवाग्रामला हा क्रम 1936 पासून उभा आहे. घर इथल्याच वस्तूंचं, इथल्याच हातांचं आणि पाचशे रुपयांच्या आतलं असावं, ही गांधीजींची अट होती. त्यांची बापूकुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेनची. माती, बांबू, लाकूड, कवेलू. वर्ध्याचा पारा 45च्या वर जातो, तेव्हा छपरीमुळे, म्हणजे उतरत्या छपराखालच्या ओसरीमुळे, भिंतीला थेट ऊन लागत नाही. पावसाळ्यात त्याच छपरीमुळे भिंतीची माती धुपत नाही. मातीची भिंत दरवर्षी लिंपावी लागते आणि तिच्यावर मजल्यावर मजले चढत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी शहरात कुट्या बांधा म्हणत नाही. सूर्य कुठून येतो हे लिफ्ट-जिन्यांचा गाभा ठरण्याआधी विचारा, एवढंच म्हणतो. टॉवरमध्ये तर ते जास्तच गरजेचं आहे, कारण तिथे झालेली चूक शेकडो कुटुंबं विजेच्या बिलात भरत राहतात.

विदर्भातून मुंबईच्या फर्ममध्ये जाणाऱ्या मुलामुलींनो, तिथली शिस्त पुरेपूर शिकून घ्या, ती इथे मिळणार नाही. पण जाण्याआधी मे महिन्यातल्या दुपारी सेवाग्रामला या. बापूकुटीच्या छपरीत बसा. सावली कुठपर्यंत येते ते बघा, टेप लावून मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पहिल्या मीटिंगला जाताना ती वही सोबत असू द्या.