वडिलांची डांगरी

मनुष्य कोणता उद्योग करितो हे पुष्कळदा त्याच्या वस्त्रावरून कळून येते. शिक्षकांच्या बाहीवर खडूची पूड असते, सुताराच्या सदऱ्यास लाकडाचा भुसा चिकटलेला असतो. आमच्या वडिलांच्या कपड्यांस डिझेलचा वास येतो. लालबहादूर शास्त्री मार्गास जुनी माणसे अद्यापि आग्रा रोड म्हणतात. त्या रस्त्यावर घाटकोपर येथे ते मालमोटारी दुरुस्त करण्याचे काम करितात. त्या वासाविषयी आणि त्यापासून आम्हांस मिळालेल्या धड्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही सातवीत असतानाची गोष्ट. आमच्या घरी धुण्यास एकच मोठी बादली होती आणि वडिलांची डांगरी व आमचा गणवेश तिच्यातच भिजत असे. एके दिवशी बाकावरील आमच्या सोबत्याने नाकास रुमाल लावून विचारिले, “तुझ्या सदऱ्याला रॉकेलचा वास कसा रे येतो?” वर्गात हशा पिकला. त्या दिवशी डबासुद्धा आम्हांस गोड लागला नाही.

घरी येताच आम्ही आईजवळ हट्ट धरिला की, आमचे कपडे निराळे धुवावेत. आई एवढेच म्हणाली, “निराळी बादली आणू. पण हे बाबांसमोर बोलू नकोस.” परंतु वडील दाराशीच उभे होते, त्यांनी सारे ऐकिले होते. ते काही बोलले नाहीत. मात्र त्या दिवसापासून ते बाहेरच कपडे बदलू लागले आणि आमच्याजवळ येऊन बसण्यापूर्वी दोन दोनदा हात धुऊ लागले. शाळेच्या पालकसभेसही ते येईनासे झाले. आपण किती मोठा अपराध केला हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. क्षमा मागण्यास शब्द सुचेनात; म्हणून त्यांची डांगरी आपणच धुवावी असा आम्ही निश्चय केला.

पहिला प्रयत्न अगदीच फसला. डाग दिसताच आम्ही त्यावर कढत पाणी ओतिले आणि कपडा वाळल्यावर वरून इस्त्री फिरविली. डाग गेला तर नाहीच, उलट अधिक पसरून पक्का झाला. पुढे विज्ञानाच्या गुरुजींनी आम्हांस त्याचे कारण समजाविले. डागावर तेल असताना उष्णता दिली म्हणजे ते धाग्यांत अधिक खोल शिरते, आणि वापरलेल्या इंजिन ऑईलमधील काजळीही त्याबरोबर आत जाऊन बसते. पेट्रोल हवेत लवकर उडून जाते. डिझेल त्याहून जड व तेलकट, म्हणून त्याचा वास दिवसेंदिवस टिकतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही, कारण तेल व पाणी यांचे सख्य नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्यास धरते व दुसरे तेलास. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. आपल्या घाटकोपरच्या पुढील स्टेशन विक्रोळी. तेथील कारखान्यांमुळे सर्वांस ठाऊक असलेल्या गोदरेज यांनी १९१८ साली प्राण्यांची चरबी न घालता, वनस्पतींच्या तेलापासून ‘चावी’ छाप साबण काढिला होता. तेलाचा डाग काढणारा साबण स्वतः तेलाचाच बनतो, हे ऐकून आम्हांस मोठी मौज वाटली.

आईच्या अनुभवाची व गुरुजींच्या ज्ञानाची सांगड घालून आम्ही जी रीत ठरविली ती अशी. प्रथम डांगरी उघड्या हवेत, सावलीत टांगून ठेवावी. ग्रीसचा थर बोथट सुरीने खरवडून काढावा. डागावर खडूची पूड अथवा बेसन पसरून अर्धा तास ठेवावे व नंतर झटकावे. पुष्कळसे तेल त्यात शोषले जाते. मग कपडा उलटा करून डागाच्या मागील बाजूने साबण चोळावा, आणि धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात तासभर भिजवून ब्रशाने घासावे. दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळून उन्हात वाळवावे. वास राहिल्यास हेच पुनः करावे. तो पुरता गेल्यावाचून इस्त्री लावू नये. पावसाळ्यात आमच्या चाळीच्या गॅलरीत कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा अधिक धीर धरावा लागतो.

येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. डाग काढण्यासाठी पेट्रोल कधीही वापरू नये. त्याची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि दूरच्या शेगडीपासूनही पेट घेते. इंधन सांडलेले कपडे स्वयंपाकघरात वाळत घालू नयेत. वास असेतोवर धुण्याच्या यंत्रातही टाकू नयेत.

तिसऱ्या रविवारी डांगरीचा वास गेला. वडिलांनी ती हातात घेऊन नाकाशी नेली, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बेसन हातांनाही चालेल काय रे?” कामावर ग्रीस काढण्यासाठी ते हात डिझेलनेच धूत; ग्रीस निघे, पण वास मागे राही. त्या दिवशी आम्ही दोघे नळापाशी बसून बेसनाने हात चोळीत होतो. वास पुष्कळ कमी झाला. नखांच्या कडेच्या काळ्या रेघा मात्र गेल्या नाहीत.

‘डांगरी’ हा शब्द कोठून आला हे पुढे गुरुजींनीच सांगितले. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून तेथील जाड्याभरड्या सुती कापडास ते नाव पडले, आणि इंग्रजी भाषेनेही ते उचलिले असे कोशकार म्हणतात. जगभरच्या कष्टकऱ्यांच्या पोशाखास आमच्या शहराने नाव दिले. आणि आम्ही मात्र तो पोशाख लपवू पाहत होतो!

यंदाच्या स्नेहसंमेलनास वडील आले. प्रथम ते हात खिशात घालून मागेच उभे राहिले होते. आम्ही त्यांचा हात धरून त्यांस पुढे नेले, आणि बाकावरील त्याच सोबत्यास म्हटले, “हे माझे बाबा. मालमोटारीचे इंजिन उघडून पुनः जोडतात.” त्याने हात पुढे केला. वडिलांनी क्षणभर आपल्या नखांकडे पाहिले, आणि मग तो हातात घेतला.

कपड्यावरील डाग साबणाने जातो. आमच्या मनावर जो पडला होता, तो त्या दिवशी गेला.