पट्टीमागच्या मुंग्या

आमच्या बेळगावच्या घरातली स्वयंपाकघराची शहाबादी बदलायची ठरली, पण ओट्याखालची कपाटं न काढता. मिस्त्री म्हणाला, "अक्का, जुन्या फरशीला टाकी मारून वरच टाइल चिकटवू. कपाटाच्या पायापाशी थांबू, पुढं पट्टी लावली की काही दिसायचं नाही. उंची अर्धा इंच वाढंल, दाराला खालून रंधा मारू."

पटलं मला. पण जुनी पट्टी काढली, तर आत फरशीच्या सांध्यातून मुंग्यांची ही रांग!

"औषध मारतो."

"आज नको," मी म्हटलं. घरातले हसले. सासूबाई हसल्या नसत्या. त्याच शहाबादीवर बसून त्यांनी आयुष्यभर भाकरी थापली. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, आणि झाडताना मऊ केरसुणी घेऊन, वाकून, बघून झाडायचं. ती घाई मला तेव्हा जाचायची, ते वाकणंही.

दोन दिवस काम थांबवलं. परसात कुंडीशी गूळ ठेवला. रांग विरळ झाली, पण संपली नाही. मिस्त्रीची मजुरी बुडत होती, त्याला तरी किती थांबवणार? तिसऱ्या दिवशी त्यानं सांधे बुजवले. आत काही राहिल्याच असणार. मला दिसत होतं, तरी मी "चालू दे" म्हटलं.

दशलक्षण संपल्यावर क्षमावाणीला मी दरवर्षी माणसांची क्षमा मागते. आजवर ती तोंडपाठ होती. यंदा मात्र कुणाची आणि कशाबद्दल मागायची, ते मला नीट ठाऊक आहे.